छतावरची वीज, दोन कंपन्या आणि एकच तार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरावर सोलर बसवावं का, मुंबईत टाटा घ्यावी की अदानी, समांतर परवाना (एकाच भागात दुसऱ्या कंपनीलाही वितरणाची मुभा) आला तर दर उतरतील का, शेतीच्या विजेचा भार कोण उचलतं... हे सगळे प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. आपल्या दारापर्यंत आलेल्या तारेचा खर्च कोणी भरायचा? पुढची उत्तरं महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

विकेंद्रित वीजनिर्मिती म्हणजे काय?

वापराच्या जागेजवळ, वितरणाच्या जाळ्यातच तयार होणारी वीज. सोसायटीच्या गच्चीवरचं सोलर, साखर कारखान्याची बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालणारी सहवीज, गावच्या उपकेंद्राशेजारचा दोन-चार मेगावॉटचा सौर प्रकल्प, कारखान्याच्या आवारातला स्वतःचा संच, हे सगळं त्यात येतं. चंद्रपूर किंवा कोराडीची वीज उच्चदाब वाहिन्यांवरून शेकडो किलोमीटर प्रवास करून आपल्या डीपीपर्यंत पोचते. गच्चीवरची वीज जिन्यातून खाली उतरते, एवढाच तिचा प्रवास.

२००३ च्या वीज कायद्याने निर्मितीवरचा परवाना उठवला, त्यामुळे वीज कोणीही तयार करू शकतो. वितरणाला मात्र परवाना लागतो, आणि आजचे सगळे वाद तिथेच आहेत.

माझ्या बिलात नेमके कशाकशाचे पैसे असतात?

महावितरणचं बिल हातात घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर वीज शुल्क. वहन आकार हा तारांचा, खांबांचा, रोहित्रांचा खर्च. वीज आकार हा प्रामुख्याने वीज विकत घेण्याचा खर्च.

खरी मेख पुढे आहे. तारा आणि रोहित्रं तुम्ही १० युनिट वापरा की ५००, तेवढीच लागतात. वादळात खांब पडला की वायरमनला रात्री यावंच लागतं. वीज खरेदीच्या करारांतही मोठा भाग ठरलेल्या रकमेचा असतो. वीज उचला वा नका उचलू, क्षमतेचे पैसे द्यावेच लागतात. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाने हा धडा राज्याला फार महागात शिकवला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ च्या मे महिन्यात खरेदी थांबली, त्यामागे ही ठरलेली रक्कमच होती.

म्हणजे खर्च बहुतांशी स्थिर, पण वसुली बहुतांशी युनिटमागे. घरगुती बिलातला स्थिर आकार खऱ्या स्थिर खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. पुढची जवळपास सगळी उत्तरं या एका विसंगतीतून निघतात.

सोलरचे पैसे किती वर्षांत वसूल होतात?

सगळ्यांना एकच आकडा सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. उत्तर तुमच्या वापरावर ठरतं.

आपल्याकडे एक किलोवॉटचं सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं आणि त्याला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे.

आता महावितरणचे टप्पे बघा. घरगुती दर १०० युनिटच्या पुढे दुपटीवर जातो आणि ३०० च्या पुढे जवळपास तिपटीवर. हिशेबाला सोपं जावं म्हणून वहन आकार धरून ६, ११ आणि १५ रुपये असे गोल दर घेऊ.

महिन्याला ४०० युनिट वापरणारं घर : ६००, २,२०० आणि १,५०० मिळून ४,३०० रुपये, शिवाय शुल्क. तीन किलोवॉटचं सोलर महिन्याला ३६० युनिट देतं, उरतात ४०. शुल्क धरून महिन्याला साडेचार हजारांवर बचत. संच पावणेदोन-दोन लाखांचा, अनुदान वजा जाता खिशातले एक लाख ते सव्वा लाख. दोन-अडीच वर्षांत वसुली.

महिन्याला ९० युनिट वापरणारं घर : बिल शुल्कासह सव्वासहाशेच्या आसपास. एक किलोवॉटचा संच साधारण ६५,००० चा, अनुदान ३०,००० चं. वर्षाला वाचले साडेसात हजार. वसुलीला पाच वर्षांच्या जवळ.

सोलर आधी तुमची सर्वांत महाग युनिटं कापतं. त्यामुळे ज्याचा वापर मोठा आणि छत स्वतःचं, त्याला सर्वांत जास्त फायदा. ज्याचं बिल लहान, त्याला फायदा कमी आणि ३५ हजार उभे करणंही अवघड. भाडेकरूचा आणि चाळीतल्या बिऱ्हाडाचा तर इथे विचारच नाही. मला सोलर मनापासून हवं आहे, पण ही असमानता लपवून त्याचा प्रचार करू नये असंही तितकंच मनापासून वाटतं.

फ्लॅटमध्ये राहतो. काय करता येईल?

गच्ची सोसायटीची असते, त्यामुळे सुरुवात सामायिक मीटरपासून करा : लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे. सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. फायदा देखभाल खर्चात दिसतो आणि तो सगळ्या सभासदांत वाटला जातो, म्हणून मला हा प्रकार विशेष आवडतो.

सोलर बसवणाऱ्यांमुळे बाकीच्यांचं बिल वाढतं का?

यात तथ्य आहे, पण सांगितलं जातं तेवढं नाही.

एक काल्पनिक फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघून काही वस्त्यांना वीज देणारी वाहिनी घ्या. त्याच्या तारांचा वर्षाचा खर्च १० लाख रुपये आणि त्यावरून वर्षाला विकली जाणारी वीज १० लाख युनिट. वहन आकार युनिटला एक रुपया. आता मोठ्या बंगल्यांनी सोलर बसवलं आणि तीन लाख युनिट गळाली. तारांचा खर्च १० लाखच राहिला, तो सात लाख युनिटवर वाटायचा. युनिटला एक रुपया त्रेचाळीस पैसे. दर वाढला म्हणून आणखी काहींनी सोलर बसवलं, दर पुन्हा वाढला. शेवटी तारेचा सगळा बोजा ज्याच्याकडे छत नाही त्याच्यावर. कंपन्यांना याचीच धास्ती असते.

दुसरी बाजूही त्याच फीडरवर आहे. गच्चीवरच्या युनिटने दुपारचं रोहित्र थंड ठेवलं, लांबून वीज आणताना वाटेत होणारी हानी वाचली, कंपनीची महाग वीज खरेदी टळली. फीडरची कमाल मागणी दुपारी असेल, म्हणजे बाजारपेठ, कार्यालयं, दवाखाने असतील, तर मोठं रोहित्र बसवण्याचा खर्चही लांबतो. मागणी संध्याकाळी सात ते दहा असेल, तर हा शेवटचा फायदा मिळत नाही, कारण तेव्हा सूर्यच नसतो. म्हणून ‘सोलरची किंमत किती’ याला एक उत्तर नाही. कुठल्या फीडरवर आणि किती वाजता, हे विचारावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. महाराष्ट्रात दर वाढण्याचं खापर आज तरी छतावरच्या सोलरवर फोडता येत नाही. थकबाकी, आकडे टाकून होणारी चोरी, वितरण हानी, महाग करार आणि एका वर्गाचा भार दुसऱ्यावर टाकणारी क्रॉस सबसिडी ही खरी कारणं आहेत. पण उद्या सोलर दहापट झालं तर वरचं गणित खरं ठरेल, आणि त्याची तयारी आजच हवी.

मग सोलर ग्राहकांवर वेगळा आकार लावावा का?

राज्यात २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम आले, म्हणजे जाळ्यात दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटमधून सरळ वजा. २०१९ च्या मसुद्यात मोठ्या वापरासाठी नेट मीटरिंगऐवजी नेट बिलिंग सुचवलं होतं, म्हणजे जाळ्यात दिलेल्या युनिटला कमी दर. त्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि अंतिम नियमांत नेट मीटरिंग टिकलं. २०२० च्या दर आदेशात राज्य वीज नियामक आयोगाने ग्रीड सपोर्ट आकार, म्हणजे सोलर ग्राहकाने जाळ्याच्या आधारासाठी द्यायचा वेगळा आकार, राज्याची छतावरची क्षमता २,००० मेगावॉट होईपर्यंत पुढे ढकलला.

हा क्रम मला योग्य वाटतो. रोपटं लावायच्या आधी त्याच्यावर कर नको. पण पुढे कधीतरी प्रत्येक जोडणीने, सोलर असो वा नसो, मंजूर भाराप्रमाणे तारेचा वाजवी हिस्सा भरायला हवा, आणि लहान भाराच्या घरांचा हिस्सा अगदी नाममात्र राहायला हवा. तो आकार एकट्या सोलरवर लावला तर दंड ठरतो, सगळ्यांवर भाराप्रमाणे लावला तर हिशेब ठरतो.

दुपारी ५ युनिट दिली, तर रात्री ५ परत मिळण्यात गैर काय?

तुमच्या दृष्टीने काहीच नाही. पण दुपारी बाजारात सौर वीज मुबलक आणि स्वस्त असते, संध्याकाळी सातनंतर तीच महाग होते. नेट मीटरिंगमध्ये स्वस्त युनिटच्या बदल्यात महाग युनिट मिळतं आणि मधला फरक कंपनी, म्हणजे शेवटी इतर ग्राहक भरतात.

केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांत दर किमान २० टक्के कमी ठेवण्याची आणि कमाल मागणीच्या वेळी तो वाढवण्याची दिशा ठरवून दिली. हळूहळू दुपारचं युनिट दुपारच्या वापरातूनच वजा करावं, हा आग्रह वाढत जाणार. म्हणून नव्याने सोलर बसवताना गिझर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, गाडीचं चार्जिंग दिवसा हलवता येईल का ते आधी बघा. आजचा नियम २५ वर्षं टिकेल असं धरून कर्ज काढू नका. आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो तेव्हा उरलेल्या युनिटला घरगुती दर मिळत नाही, खूप कमी मिळतो. गरजेपेक्षा मोठा संच बसवण्यात शहाणपण नाही.

मुंबईत एकाच भागात दोन कंपन्या कशा?

देशात सगळ्यांनी अभ्यासावं असं हे उदाहरण आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वीज कायद्याच्या १४ व्या कलमानुसार एकाच क्षेत्रात दोन किंवा अधिक वितरण परवाने देता येतात, मात्र प्रत्येकाने स्वतःच्या जाळ्यातून वीज द्यायची. मुंबईत टाटा पॉवर शंभर वर्षांहून जुनी. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, पुढे भिवपुरी आणि भिरा. कंपनी मुख्यतः घाऊक वीज द्यायची. उपनगरातला किरकोळ ग्राहक आधी बीएसईएसचा, मग रिलायन्सचा आणि २०१८ पासून अदानीचा. टाटाला किरकोळ ग्राहकाला वीज विकता येते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ८ जुलै २००८ ला निकाल टाटाच्या बाजूने लागला.

पण टाटाच्या तारा गल्लोगल्ली नव्हत्या. तेव्हा राज्य वीज नियामक आयोगाने १५ ऑक्टोबर २००९ च्या आदेशाने वाट काढली : तार रिलायन्सचीच राहील, ग्राहक वहन आकार भरेल आणि वीज टाटाची घेईल. अशा ग्राहकाला ‘चेंजओव्हर’ म्हणतात. जो टाटाच्या स्वतःच्या तारेवर गेला तो ‘स्विचओव्हर’. जुनी जलविद्युत केंद्रं हाताशी असल्यामुळे टाटाचे दर तेव्हा कमी होते आणि लोक भराभर सरकले.

सर्वांत आधी ज्यांचा वापर मोठा आणि दर चढा ते गेले. त्यांच्याच जास्तीच्या पैशांतून झोपडपट्टीतल्या, चाळीतल्या लहान ग्राहकाचा दर खाली राहत होता. ते गेले आणि लहान ग्राहक जुन्या कंपनीकडे राहिला, तर त्याची सवलत कोण भरणार? शिवाय मागच्या वर्षांची न झालेली वसुली कंपनीच्या वहीत उभी होती. ज्यांनी ती वीज वापरली ते ती न फेडता दुसरीकडे निघाले होते.

म्हणून २०११ मध्ये आयोगाने चेंजओव्हर ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला आणि पुढे जुन्या थकलेल्या वसुलीतला हिस्साही त्यांच्याकडून घेतला. २०१२ च्या आदेशात तर टाटाने ठरावीक काळ ३०० युनिटपर्यंतचेच ग्राहक घ्यावेत अशी अट घातली, कारण निवडून मोठे ग्राहक उचलल्याची तक्रार होती. पुढे टाटाचे दर चढले तेव्हा काही ग्राहक परतही आले.

यातून मी एकच निष्कर्ष काढतो : दरात दडवलेली सवलत आणि स्पर्धा एका घरात नांदत नाहीत. गरिबाला सवलत द्यायचीच, पण ती शासनाच्या तिजोरीतून, उघड, अर्थसंकल्पात दिसेल अशी. तसं केलं तर कंपन्यांना मोठा ग्राहक पळवण्यात विशेष लाभ उरत नाही आणि त्या चांगल्या सेवेवर भांडतात.

बेस्टच्या भागात असा बदल का होत नाही?

बेस्ट स्थानिक संस्थेचा उपक्रम आहे. कायद्याने अशा जुन्या संस्थेला आपल्या तारा दुसऱ्या पुरवठादाराला खुल्या करण्याच्या सक्तीतून वगळलं आहे. दक्षिण मुंबईत टाटा वीज देऊ शकते हे न्यायालयाने मान्य केलं, पण स्वतःच्या तारेवरून. दाट वस्तीत नवी केबल टाकणं किती खर्चिक आहे ते गिरगावातली खणलेली गल्ली पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मग प्रत्येक कंपनीने आपापल्या तारा टाकाव्यात. बिघडलं कुठे?

एका गल्लीत दोन केबल, दोन रोहित्रं, दोन दुरुस्ती पथकं. ग्राहक तेवढेच, खर्च दुप्पट, आणि वहन आकारातून तो भरणार ग्राहकच. दुसरी तार गल्लीत आली म्हणून पहिलीचा खर्च कमी होत नाही. त्यामुळे तारेची मक्तेदारी मान्य करून तिच्यावर आयोगाचा कडक अंकुश ठेवावा आणि स्पर्धा निर्मितीत व विक्रीत व्हावी, हेच मला पटतं.

भिवंडीत टोरंट आहे. ती स्पर्धा नाही का?

नाही. भिवंडीत २००७ पासून टोरंट महावितरणची फ्रँचायझी आहे. परवाना आणि दर महावितरणचेच, ग्राहकाला निवड नाही. हानी आणि वसुलीत तिथे मोठी सुधारणा झाली हे खरं. औरंगाबाद आणि नागपूरच्या फ्रँचायझी मात्र मुदत पुरी होण्याआधीच गुंडाळल्या गेल्या. कंत्राटदार बदलला की कारभार सुधारतोच असं नाही.

२०२३ चा संप कशासाठी होता?

भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई या महावितरणच्या पट्ट्यात समांतर वितरण परवाना मिळावा म्हणून अदानी समूहाच्या कंपनीने अर्ज केला होता. त्याविरुद्ध वीज कर्मचारी ४ जानेवारी २०२३ ला संपावर गेले आणि शासनाशी बोलणी होऊन त्याच दिवशी संप मागे घेतला.

कामगारांच्या नोकरीच्या चिंतेइतकाच त्यांचा दुसरा मुद्दा महत्त्वाचा होता. हा पट्टा कमी हानीचा आणि चांगल्या वसुलीचा. त्याच्या जोरावर महावितरण गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांतला तोटा सोसते. पट्टा गेला तर उरलेल्या महाराष्ट्राचं काय, या प्रश्नाला समांतर परवान्याच्या समर्थकांनी आकड्यांनिशी उत्तर द्यायला हवं. ‘स्पर्धेने दर कमी होतील’ एवढं म्हणून भागत नाही. कोणाचे होतील आणि कोणाचे वाढतील?

तारा एकाच्या आणि पुरवठादार अनेक, अशी मांडणी २०२२ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकात होती. ते स्थायी समितीकडे गेलं.

इंग्लंडमध्ये लोक वीज कंपनी मोबाइलसारखी बदलतात म्हणे?

हो. १९९० च्या खाजगीकरणानंतर तिथे टप्प्याटप्प्याने मुभा मिळाली आणि १९९९ पर्यंत प्रत्येक घराला पुरवठादार निवडता येऊ लागला. तारांची कंपनी वेगळी, विक्रेता वेगळा. पण २०२१ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा दोन डझनांहून अधिक पुरवठादार बुडाले आणि त्यांच्या ग्राहकांना सांभाळण्याचा खर्च सगळ्यांच्या बिलात आला. विक्रेत्याला परवाना देताना त्याची आर्थिक ताकद तपासली पाहिजे, एवढं आपण तिथून घ्यावं.

कारखाने महावितरणला सोडून कसे जातात?

दोन वाटा. पहिली, ओपन ॲक्सेस : वीज दुसऱ्याकडून, तार महावितरणची. वहन आकारासोबत क्रॉस सबसिडी अधिभार आणि अतिरिक्त अधिभार (महावितरणने करार केलेल्या, पण आता न उचललेल्या विजेच्या स्थिर खर्चापोटी) भरावा लागतो. हरित विजेसाठी २०२२ च्या केंद्रीय नियमांनी ही मुभा एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटपर्यंत खाली आणली, त्यामुळे मध्यम कारखाने आणि मोठी रुग्णालयंही आता यात येतात.

दुसरी, कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीचा प्रकल्प : वापरणाऱ्यांचा प्रकल्पात किमान २६ टक्के हिस्सा आणि त्यांनी किमान ५१ टक्के वीज वापरायची. त्यांना क्रॉस सबसिडी अधिभार नाही. अतिरिक्त अधिभारही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महावितरणच्याच प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं. अधिभार जितका चढा, तितकी २६ टक्क्यांची भागीदारी मांडून निसटण्याची ओढ मोठी.

शेतकऱ्यांच्या सौर वाहिनीचा यात काय संबंध?

माझ्या मते महाराष्ट्रातली सर्वांत अर्थपूर्ण विकेंद्रित वीज हीच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, दुसरा टप्पा २०२३ मध्ये. शेतीचे फीडर वेगळे काढायचे आणि उपकेंद्राच्या आसपास काही मेगावॉटचे सौर प्रकल्प उभारून ते दिवसा चालवायचे. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॉटचा प्रकल्प दुसऱ्या टप्प्यातला पहिला.

हिशेब बघा. निविदांतले दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास. वीज उपकेंद्राजवळच तयार होते, म्हणून वहनाचा खर्च आणि हानी दोन्ही कमी. पंपाला वीज दिवसा चालते, त्यामुळे छतावरच्या सोलरचा संध्याकाळचा प्रश्न इथे उद्भवत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे, तेव्हा ती जितकी स्वस्त पडेल तितका शासनाचा आणि उद्योगांवरचा भार कमी. आणि रात्री दोनला बॅटरी घेऊन, साप-बिबट्याच्या भीतीत पाणी धरायला जाणं थांबतं. हा लाभ कुठल्याच दर आदेशाच्या तक्त्यात दिसत नाही, पण ज्याच्या घरातलं माणूस रात्री शेतात जातं त्याला तो पुरेपूर कळतो.

मुंबईला स्थानिक वीज एवढी महत्त्वाची का?

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली ते आठवा. शहरात बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांची क्षमता अपुरी होती, म्हणून ट्रॉम्बे आणि डहाणूसारखी जवळची केंद्रं महाग असूनही चालवावी लागत. वाहिन्यांत अशी टंचाई असेल तिथे जवळचं युनिट लांबच्या युनिटपेक्षा मोलाचं ठरतं. आपल्या दरपद्धतीत मात्र हे मोल कुठेच मोजलं जात नाही.

सामान्य ग्राहकाने यात नेमकं काय करावं?

दर याचिकेवर आयोग सूचना-हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. हरकत घ्यायला वकील लागत नाही. साध्या मराठीत लेखी दिलं तरी चालतं. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटासारख्या संस्थांनी एन्रॉनच्या काळापासून याच वाटेने कितीतरी गोष्टी उजेडात आणल्या आहेत.

याचिका हजार पानांची असते, पण तीन तक्ते शोधा : वीज खरेदीतल्या स्थिर खर्चाचा, वितरण हानीचा आणि वर्गवार सरासरी दराची पुरवठा खर्चाशी तुलना करणारा. मग विचारा : न वापरलेल्या विजेसाठी गेल्या वर्षी किती पैसे दिले? आमच्या परिमंडळाची हानी किती, आणि ती कमी करायला काय केलं? सोलरवर आकार सुचवला असेल, तर सोलरने वाचवलेली वीज खरेदी आणि हानी त्यातून वजा केली का? लेखी हरकतीला कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं. शेवटची तारीख वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेत असते, आणि ती बहुधा आपल्या नजरेतून सुटते.